करंगळीवरची चिंधी

१

क्लाव्हरकिल गावात कुणाच्या घराण्याचा इतिहास ऐकायचा असेल, तर घरातलं मोठं माणूस आधी हात धुतं आणि मग कपाट उघडतं. कपाटात असतात बिस्किटं. हसू नका. मयताला आलेल्या प्रत्येकाच्या हातात बशीएवढं, बोटभर जाड, शहाजिरं घातलेलं बिस्किट ठेवायचं, त्यावर गेलेल्या माणसाची अक्षरं ठशाने उठवायची, आणि त्यातलं एक आपल्या कपाटात जपायचं, ही इथल्या डच घरांची रीत. ते खायचं नाही. वर्षं जातात तसा त्याचा दगड होतो. कागदाला वाळवी लागते, माणसाची आठवण सोयीप्रमाणे वाकते. शहाजिऱ्याचा दगड मात्र आहे तसा राहतो.

फान हेक घराण्याचं कपाट गावात सगळ्यांत मोठं. आधी कपाट आणलं आणि मग त्याच्याभोवती घर बांधलं, असं लोक म्हणत. आणि लोक म्हणतात त्यातलं निम्मं तरी खरं असतंच. ते उभं होतं पुढच्या खोलीत. ही खोली उघडायची मयताला, नाहीतर शनिवारी झाडलोट करायला. एरवी खिडक्या बंद, शेकोटी थंड, आणि किल्ली हिलेगोंडच्या कमरेला.

हिलेगोंड पन्नाशीची, बिनलग्नाची. दर शनिवारी ती हंसाचं पीस घेऊन एकेक बिस्किट पुसायची, आपलीच माणसं ओळीने निजली आहेत आणि त्यांची झोप मोडू नये अशा हलक्या हाताने. सगळ्यांत वर तिचे आजोबा, रूलोफ फान हेक. एक कुऱ्हाड आणि एक कढई घेऊन हॉलंडहून अमेरिकेत आले. नदीकाठी जमिनीत खड्डा खणून, वर झाडाची साल अंथरून पहिला हिवाळा एकट्याने काढला. आणि पुढे याच गावचे पहिले पंच झाले. इंग्रजांचं राज्य येऊन दोन पिढ्या झाल्या, तरी गावात अजून निवाडा अडला की म्हातारे म्हणत, "रूलोफ असता तर एका वाक्यात संपवला असता."

रूलोफ आजोबांची डावी करंगळी जन्मतःच आत वळलेली, कोयत्यासारखी. मुलाला तीच. नातू एव्हर्ट, म्हणजे हिलेगोंडचा थोरला भाऊ, त्यालाही तीच. म्हणून या घरच्या बिस्किटावर अक्षरांखेरीज आणखी एक खूण असे. कणीक ओली असताना घरच्या कर्त्याने कडेला करंगळी दाबायची. चंद्रकोरीसारखी खाच पडे. बाकीचं गाव अक्षरांवर भागवी.

हिलेगोंडची करंगळी सरळ होती. सुईसारखी. लहानपणी ती त्यापायी रडायची. एकदा दाराच्या फटीत घालून वाकवायचाही प्रयत्न करून झाला होता.

त्या शनिवारी नदीचा बर्फ फुटत होता. लांबून कोणीतरी जड लाकडं आपटावीत तसे आवाज येत होते. हिलेगोंड शेवटच्या फळीवर आली, तिने पीस फिरवलं, आणि पीस चिकटलं.

ओळीच्या टोकाला एक बिस्किट जास्तीचं होतं. तिने बोट लावलं तर बोट आत गेलं. खोलीत तिच्या श्वासाची वाफ दिसत होती, आणि बिस्किट कोमट होतं.

वर अक्षरं नव्हती. कडेला कोर होती.

२

"कपाटाला हात लावलास का रे तू?" तिने स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

एव्हर्ट चुलीशी पाय पसरून भाषण पाठ करत होता. येत्या गुरुवारी तो नगराध्यक्ष होणार होता. आजोबांनंतर गावच्या खुर्चीवर बसणारा घरातला पहिलाच.

"किल्ली तुझ्या कमरेला आणि चोर मी?" त्याने बिस्किट हातात घेऊन फिरवलं. "तूच भाजलंस आणि विसरलीस. वय झालं, हिले."

"तुझ्याहून लहान आहे मी."

"बायका लवकर जुन्या होतात. वाइनचं नेमकं उलटं."

"आणि ही करंगळी? माझी अशी उठते का?"

एव्हर्टने खाचेत आपली करंगळी बसवून पाहिली. बसली नाही. खाच त्याच्या करंगळीहून जास्त वळलेली होती, आजोबांच्या होती तेवढी. त्याने बोट झटकन मागे घेतलं. मग उठला आणि मागच्या दारातून ते बिस्किट डुकरापुढे टाकून आला. आता या डुकराने पूर्वी एव्हर्टची टोपी बकलासकट खाल्ली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक. त्याने बिस्किट हुंगलं आणि पाठ भिंतीला टेकेपर्यंत ते मागे मागे सरकत गेलं.

"डुकरंसुद्धा माजलीत," एव्हर्ट म्हणाला. "हे बघ, गुरुवारी आजोबांचं बिस्किट चावडीवर न्यायचंय. मखमलीवर ठेवून. त्यावर हात ठेवून मी शपथ घेणार. बायबलवर काय, कोणीही घेतं."

चुलीच्या पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं.

तिथे म्हातारी डियान आजारी पडून होती. डियान याच स्वयंपाकघरात जन्मली. तिची आई सुझान रूलोफ आजोबांच्या मालकीची गुलाम. आजोबांनी म्हातारपणी तिला अर्धी मुक्ती दिली होती. म्हणजे सुझान मोकळी, पण तिच्या पोटची पोरं घरचीच. या उदारपणाची गावात अजून तारीफ होई. हिलेगोंडची आई बाळंतपणात गेली तेव्हा तिला वाढवलं ते डियानने. मक्याची लापशी भरवली, बोलायला शिकवलं, सरळ करंगळीपायी रडली की म्हणाली, "पोरी, सरळ बोटाला सुई चांगली धरता येते." डियानच्या स्वतःच्या डाव्या करंगळीला कायम चिंधी असे. जुनी जखम, भरत नाही, असं हिलेगोंडला कधीतरी सांगितलं होतं. दर रविवारी नवी चिंधी. उजव्या हाताने आणि दातांनी ओढून घातलेली एकेरी घट्ट गाठ. पन्नास वर्षं न भरणारी जखम कसली, हे तिने विचारलं नव्हतं. काही गोष्टी विचारायच्या नसतात हे मुलांना न सांगता कळतं, आणि मग मोठेपणी ते वळण सुटत नाही.

"शहाजिरं कमी पडलं ना?" डियानने विचारलं.

"कशात गं?"

"वास येत नाही हवा तसा. पडल्या पडल्या मळायचं म्हणजे सोपं नाही, पोरी."

"भ्रम झालाय तिला," एव्हर्ट म्हणाला, आणि भाषण घेऊन बाहेर ओट्यावर गेला.

तो गेल्यावर डियानने हिलेगोंडचा पदर धरला, म्हणजे तिच्या एप्रनचं टोक. "माझं एक ठेवशील कपाटात? अक्षरं घालून?"

"ठेवीन."

"त्यांच्या शेजारी?"

"ठेवीन म्हटलं ना."

"एकटे होते म्हणे पहिल्या हिवाळ्यात," डियान डोळे मिटून म्हणाली. "मग कढई कोण ढवळत होतं गं?"

३

डियान रविवारी दुपारी गेली, सगळे देवळात असताना. हिलेगोंड परत आली तेव्हा चूल नीट झाकलेली होती.

अंग धुवायला तिने कोणाला बोलावलं नाही. पाणी कोमट करून घेतलं, केस विंचरले, हात पुसले. डाव्या हाताशी आली आणि थांबली. चिंधी काळी पडली होती. मातीत जाणाऱ्या माणसाला निदान स्वच्छ चिंधी तरी असावी, या विचाराने तिने गाठ सोडली. दातांनी ओढलेली गाठ, सहज सुटेना. शेवटी सुटली.

जखम नव्हती. व्रणही नव्हता. पन्नास वर्षं ऊन न लागल्याने फिकट पडलेली, स्वच्छ, आत वळलेली करंगळी. कोयत्यासारखी.

हिलेगोंड बराच वेळ तो हात मांडीवर घेऊन बसली. म्हाताऱ्या माणसांची बोटं वाकतात, तिने स्वतःला सांगितलं. संधिवाताने वाकतात. थंड पाण्याने वाकतात. मग दुसरी नऊ का सरळ, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

ओसरीवर एव्हर्टच्या बुटांचा आवाज झाला. हिलेगोंडने झटकन नवी चिंधी घेतली आणि करंगळी पुन्हा झाकली. कोणी सांगितलं नव्हतं. तिची तीच. उशीच्या अभ्र्यांना बांधायची तशी, दोन पाकळ्यांची सुबक गाठ मारली, आणि हात चादरीखाली सारला.

"झालं?" एव्हर्टने विचारलं.

"झालं."

"बरी बाई होती."

"एव्हर्ट, मी तिला शब्द दिलाय. बिस्किटं करायचीत. लुबर्टला बोलावणं करायला पाठवू."

लुबर्ट म्हणजे गावात मयताचं बोलावणं करणारा. काळी टोपी, टोपीला गुडघ्यापर्यंत रुळणारी फीत. दारोदार जाऊन तो गेलेल्याचं नाव सांगे, आणि घर जितकं मोठं तितका मोठ्याने रडे.

एव्हर्ट खाली बसला. "स्वयंपाकघरातल्या माणसासाठी लुबर्ट? या आठवड्यात? उद्या लोक विचारतील, हेकांकडे दासीचं बिस्किट का? मग म्हणतील, त्यावर हेकांची करंगळी का?" तो तिच्याकडे न बघता बोलत होता, चादरीकडेही न बघता. त्यालाही ठाऊक आहे, हे हिलेगोंडला त्या न बघण्यातून कळलं. "गुरुवार होऊ दे. मग कर काय करायचं ते."

"गुरुवारनंतर?"

"गुरुवारनंतर."

संध्याकाळी बागेमागे, सफरचंदाच्या झाडांपलीकडे, ओल्या मातीत डियानला ठेवलं. नदी लाकडं आपटत होती. हिलेगोंडने नकार दिला नव्हता. तिने फक्त गुरुवार धरला होता. असं ती परत येताना दोनदा मनात म्हणाली.

४

बुधवारी दुपारी विंत्ये आली. ही शेजारीण, हिचं नाक गावच्या घंटेच्या आधी वाजतं अशी ख्याती. ती काळा झगा घालूनच आली होती.

"कोण गेलं गं?"

"कोणी नाही."

"कोणी नाही आणि सगळ्या गल्लीत शहाजिऱ्याचा वास? आमचा म्हातारा उठून दाढी करायला बसला. म्हणतो, हेकांकडे भट्टी लागलीय, चांगलं मयत दिसतंय."

हिलेगोंडला वास सकाळपासूनच येत होता. चुलीवर ताक आणि लापशी होती, आणखी काही नाही. तिने विंत्येला चूल दाखवली. विंत्येने चूल पाहिली, हिलेगोंडचे हात पाहिले, आणि म्हणाली, "तुला सांगायचं नसेल तर नको सांगू बाई. उद्या कळेलच."

ती गेल्यावर हिलेगोंड बोळात उभी राहिली. पुढच्या खोलीच्या बंद दाराआडून आवाज येत होता. धप्. मग थोडं घसटणं. मग धप्. नदी, तिने म्हटलं. पण नदी त्या बाजूला नव्हती. फळीवर कणीक आपटून, वळवून, पुन्हा आपटण्याचा तो आवाज तिला पाळण्यापासून ठाऊक होता. त्याच तालावर ती लहानपणी निजायची. आताही, लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, क्षणभर तिच्या पापण्या जड झाल्या.

किल्ली कमरेला होती. तिने ती मुठीत धरली, थंडगार होती, आणि ती मागे फिरली.

इकडच्या घरांची दारं आडवी दुभागलेली असतात. वरची झडप उघडी, खालची बंद, म्हणजे उजेड आत येतो आणि कोंबड्या बाहेर राहतात. त्या उघड्या झडपेत लुबर्टची टोपी दिसली. फीत चिखलाने भरलेली, चेहरा दमलेला आणि तृप्त.

"सगळं गाव झालं, हिलेबाई. नदीपलीकडची घरंसुद्धा. बर्फावर फळ्या टाकत गेलो. बुडालो असतो तर माझंच बोलावणं मला करावं लागलं असतं."

"कसलं गाव? कसलं बोलावणं?"

"उद्याचं. शपथेच्या आधी, तुमच्याकडे." लुबर्ट गोंधळला. "सकाळी तुमच्याकडूनच नाही का बोलावणं आलं? मी रस्त्याने चाललो होतो. ही झडप अशीच उघडी. खालच्या दारावरून हात बाहेर आला आणि खूण केली. आत अंधार. मी विचारलं, कोणाचं? तर म्हणाली, नाव बाईसाहेब सांगतील."

"कोणाचा हात?"

"आता काय सांगायचं! तुमच्याच घरचा." लुबर्टने आपली करंगळी वाकवून दाखवली. "चिंधीतूनसुद्धा कळते की. मला आधी एव्हर्टसाहेबच वाटले. पण आवाज बाईचा होता. कापलंय वाटतं कोणाला?"

हिलेगोंडने दाराचा काठ धरला. "गाठ कशी होती, लुबर्ट?"

"गाठ?"

"चिंधीची."

"हां, गाठ सुरेख होती," लुबर्ट म्हणाला. "दोन पाकळ्यांची. फुलपाखरू बसल्यासारखी."

५

गुरुवारी सगळं गाव काळे कपडे घालून दारात उभं राहिलं. पाद्री होते, चावडीचे पंच होते, खांद्यावर बसलेली पोरं होती. एव्हर्ट आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग, राजकारणी माणूस तो, खिडकीतून गर्दी मोजून त्याचा रंग परत आला.

"बरंच झालं उलट," तो हिलेगोंडच्या कानाशी म्हणाला. "सांग, आजोबांचं स्मरण आहे. शपथेआधी आजोबांचं स्मरण! मला कसं सुचलं नाही? खोली उघड."

हिलेगोंडने किल्ली फिरवली. खिडक्या बंद होत्या, शेकोटीत राख नव्हती. मधल्या मेजावर मोठं लाकडी तबक होतं आणि त्यात बिस्किटांची रास. थंड खोलीत त्यांच्यातून वाफ निघत होती. सगळी कोरी. सगळ्यांच्या कडेला कोर.

"शाब्बास! एवढी कधी भाजलीस?" एव्हर्ट हसत होता. त्याला खरंच वाटलं होतं की हिलेगोंडनेच केली. तो असाच होता. ताट वाढलेलं दिसलं की हात कोणाचे ते त्याला दिसत नसत.

माणसं आत आली, भिंतीला लागून उभी राहिली. कोणीतरी खोकलं. लुबर्टने टोपी छातीशी धरली आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाला, "या घरून आज कोण निघालं, ते घरची बाई सांगेल."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

डियान. जेमतेम तीन अक्षरं. हिलेगोंडने आयुष्यात पहिल्यांदा शिकलेला शब्द तोच होता, 'आई'च्याही आधी, कारण आई नव्हतीच. तो जिभेवर आलाही. मग तिच्या डोळ्यांपुढे एव्हर्टची वाकडी करंगळी चावडीवरच्या मखमलीवर टेकली. विंत्येचे बारीक झालेले डोळे दिसले. आजोबांचं बिस्किट दिसलं, सगळ्यांत वरचं. नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार, आणि त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाच्या हातात कोमट असणार.

"आजोबा," ती म्हणाली. "रूलोफ आजोबांच्या स्मरणासाठी."

खोलीने श्वास सोडला. टोप्या उतरल्या. पाद्री म्हणाले, "वा." एव्हर्टने तिचा खांदा दाबला.

ती वाटायला निघाली. तबक उचललं, जड होतं, हातांना कळ लागली. आणि दुसऱ्या पावलाला ते हलकं झालं. कोणीतरी पलीकडची बाजू धरली होती.

हिलेगोंडने वर पाहिलं नाही. तिने तबकाच्या पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे बोटं होती. ओली माती लागलेली, चार, आणि पाचवं चिंधीत. दोन पाकळ्यांची गाठ. त्या दोघी मिळून भिंतीच्या कडेकडेने जात होत्या, आणि माणसं बिस्किटं उचलत होती, मान लववत होती, एकदा हिलेगोंडला आणि एकदा, सवयीने, समोरच्या बाजूलाही. तबकाला पलीकडून हात देणाऱ्या बाईकडे कधी कोण नीट बघतं?

शेवटच्या कोपऱ्यात तबक थांबलं. मग एक बारीक आवाज आला. दातांनी कापड ओढल्याचा. गाठीची एक पाकळी आत गेली. मग दुसरी. चिंधी सैल पडली, तिचा एक वेढा उलगडला.

हिलेगोंडने डोळे मिटले.

दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तिने ती करंगळी चिंधीने झाकली होती, हे तिला मिटता मिटताच कळलं.

उघडले तेव्हा तबक रिकामं होतं आणि ती एकटीच ते धरून उभी होती. बाहेर चावडीची घंटा वाजत होती, माणसं हसत, बोलत, बिस्किटं कोटात घालून निघाली होती. तिच्या डाव्या करंगळीला काहीतरी आवळल्यासारखं झालं. पाहिलं तर चिंधी. एकेरी, घट्ट, दातांनी ओढलेली गाठ.

६

एव्हर्ट चांगला नगराध्यक्ष झाला. ओढ्यावर पूल बांधला, घंटा नवी आणली. क्लाव्हरकिलच्या प्रत्येक घरच्या कपाटात आता एक कोरं बिस्किट आहे, कडेला कोर असलेलं. "रूलोफचं," असं लोक नातवंडांना सांगतात. एखादं नातवंड विचारतं, मग यावर त्याची अक्षरं का नाहीत? त्याला गप्प बसवतात. विंत्ये मात्र गप्प बसत नाही. फक्त हिलेगोंड दिसली की विषय बदलते.

"बोट भरलं नाही का गं अजून?" ती ओट्यावरून विचारते.

"नाही."

"दाखव कोणाला तरी."

"दाखवीन."

गुरुवारनंतर, असं ठरलं होतं. म्हणून हिलेगोंडने एका शनिवारी, एव्हर्ट गावाला गेलेला पाहून, कणीक भिजवली. शहाजिरं सढळ हाताने घातलं. एकच बिस्किट थापलं, जुने ठसे काढले आणि डियानचं अक्षर खोल दाबलं. भाजून काढलं तर वर काही नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा कोरं. तिसऱ्यांदा ती भट्टीच्या तोंडाशी बसून राहिली आणि पाहत राहिली. अक्षर कडांनी भरत आलं, ओठ मिटावेत तसं मिटलं.

तेव्हा तिने चौथं बिस्किट थापलं. अक्षर नाही तर नाही. निदान घरची खूण तरी उठवू, असं तिला वाटलं. एव्हर्ट नव्हता, म्हणजे घरची कर्ती तीच. चिंधी न सोडताच तिने डावी करंगळी कडेला टेकवली. सरळ रेघ उठेल हे ठाऊक होतं. लहानपणी चोरून शंभरदा पाहिलं होतं.

तिने बोट उचललं.

कोर उठली होती. खोल, स्वच्छ, आजोबांच्या होती तेवढी वळलेली.

हिलेगोंड त्या खाचेकडे पाहत राहिली आणि मग चिंधीकडे. चाळीस वर्षांपूर्वी दाराच्या फटीत बोट घालून, डोळे घट्ट मिटून तिने जे मागितलं होतं, ते आता त्या कापडाखाली होतं. उजवा हात गाठीशी गेला. थोडा वेळ तिथे थांबला.

मग तिने पिठाचे हात एप्रनला पुसले, आणि गाठ आणखी घट्ट केली. दातांनी.